खाट निवेपर्यंत

“पण माझी आई मुकी व्हती, सिस्टर,” शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली आणि मांडीवरची पिशवी तिनं नीट सरळ करून घेतली. आवाजात राग नव्हता. पावशेर साखर मागितली होती आणि तुम्ही अर्धा किलो दिली, असं दुकानदाराला सांगावं तशी ती बोलली. प्रतिभाच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं, ते तसंच राहिलं. सकाळचे नऊ वाजून गेले होते. एसटी न्हावरं सोडून भीमेच्या पुलाकडे निघाली होती आणि दोन्ही बाजूंना उभा ऊस होता. ही बाई न्हावऱ्याच्या फाट्यावर चढली होती, गाडीभर नजर टाकून थेट प्रतिभाजवळ येऊन बसली होती. “वळखलं का, सिस्टर? म्या सुरेखा, मांडवगण फराट्याची. माझी आई पार्वतीबाई तुमच्या वॉर्डात गेली. नऊ वर्षं झाली.” प्रतिभानं ओळखलं नव्हतं. दौंडच्या ट्रस्टच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला रस्त्यात, लग्नात, भाजीबाजारात कुणीही असं थांबवतं आणि तिनं ओळखल्यासारखं हसायचं असतं. ती हसली. “तुमी बाहीर येऊन माझ्या खांद्यावर हात ठिवला व्हता. म्हणाला, शेवटी तुझंच नाव घेत व्हती,” सुरेखा म्हणाली. “हो, घेत होत्या ना,” प्रतिभा म्हणाली. तेही हसण्यासारखंच, आपोआप, संत्र्याची साल काढता काढता. त्यावर ती बाई म्हणाली की आई मुकी होती.

“जन्मापासनं. आयकू थोडंफार याचं. पन बोलणं न्हाई.”

प्रतिभाचे कान तापले. चौसष्टाव्या वर्षीही कान तापतात हे तिला नवीन होतं. सुरेखानं तिच्याकडे पाहिलंच नाही, ती समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी कोरलेलं नाव वाचत असल्यासारखी बोलत राहिली. “म्या लय इचार केला, सिस्टर. आधी वाटलं, जाताना फुटत असंल आवाज, आपल्याला काय ठावं. मावशीला इचारलं तर ती म्हणाली, येडी का काय. मग माझ्या ध्यानात आलं. त्या दिवशी तुमच्याकडं दोघीतिघी गेल्या असतील. कुणाच्या तरी आईनं लेकीचं नाव घेतलं असंल, आन् तुमी गडबडीत मला सांगितलं. व्हय ना? मंजी दुसरीचा निरोप माझ्याकडं ऱ्हायला. नऊ वर्षं हाय माझ्याकडं. ती बिचारी म्हणत असंल, आई गेली आन् माझी आठवणसुद्धा काढली न्हाई.” मग पहिल्यांदा तिनं मान वळवली. “शेजारच्या बेडवर कोण व्हतं वो? तुमाला आठवतंय का? गाव कळलं तरी म्या जाऊन सांगंन.”

“बघते आठवून,” प्रतिभा म्हणाली. तिनं संत्र्याच्या चार फोडी सुरेखाला दिल्या. सुरेखानं दोन खाल्ल्या, दोन रुमालात बांधून ठेवल्या. पाटसला लेकीकडे चालली होती, लेकीला सातवा लागला होता. उतरताना म्हणाली, नंबर घ्या माझा, आठवलं की फोन करा, विसरू नका. मोबाईलमध्ये नंबर भरायला प्रतिभाला वेळ लागतो म्हणून तिनं पर्समधला घडी केलेला कागद पुढे केला आणि सुरेखानं त्याच्या पाठीवर, गुडघ्यावर धरून, शाळेतल्यासारखे मोठे मोठे आकडे काढले. मग ती उतरली, खालून खिडकीला हात लावून “येते वो सिस्टर” म्हणाली आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत रस्ता ओलांडून गेली.

कागदाच्या पुढच्या बाजूला आजच्या भाषणाचे मुद्दे होते. काल दुपारी शिरूरच्या घरी, पंख्याखाली बसून तिनं ते सुवाच्य अक्षरात लिहिले होते. भरपूर पाणी प्या. ड्युटी संपल्यावर वॉर्ड मनातून काढून टाका. घरच्यांशी बोला. छंद जोपासा. डॉक्टर विश्वजीत दवाखान्याचं सगळं बघतात. त्यांचा आठवड्यापूर्वी फोन आला होता. चार महिन्यांत तीन मुली सोडून गेल्या, आता गौतमीनंही राजीनामा लिहिलाय, सिस्टर. गौतमी गेली तर मेडिकल वॉर्ड कोण सांभाळणार? तुमचं ऐकतील त्या. अर्धा तास बोला त्यांच्याशी, ताण कसा कमी करायचा वगैरे. प्रतिभाला बरं वाटलं होतं. सहा वर्षं कुणी तिला कशासाठी बोलावलं नव्हतं. तिनं इस्त्रीची साडी काढली होती. आता पाटसहून दौंडकडे जाताना, मांडीवर तो कागद उलटा ठेवून, ती पार्वतीबाईंना शोधत होती. काही सापडत नव्हतं. चेहरा नाही, बेड नंबर नाही, लुगड्याचा रंग नाही. वॉर्ड दिसत होता, पण रिकामा. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं, ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं, कुठेतरी कुणीतरी काहीतरी वाजवत होतं आणि त्याचा तिला वैताग येत होता. एवढंच. त्या आवाजांना माणसं नव्हती.

सुरेखानं किती नेटानं तिच्यासाठी चूक शोधली होती, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं. निरोपांची अदलाबदल. तशी ती असती तर किती बरं झालं असतं. पण शेजारच्या बेडवर कुणी कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं. ते वाक्य प्रतिभाचं होतं. पहिल्यांदा ते खरं होतं, हे तिला पक्कं आठवतं. नव्वदच्या सुमाराला रेल्वेतला एक गँगमन होता, ज्ञानू नावाचा, पोट फुगून आलेला. तो दिवसभर बाळू, बाळू करत गेला. तो बाळू, त्याचा मुलगा, कुर्डुवाडीहून गाडीनं येऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दारात उभा राहून तो भिंतीवर डोकं आपटत होता, तीन माणसांना आवरत नव्हता. प्रतिभानं जाऊन सांगितलं, तुझंच नाव घेत होते. तो जागच्या जागी थांबला. ताप उतरावा तसा उतरला आणि खाली बसून साधं, माणसासारखं रडला. असं एखादं औषध हाती लागल्यावर ते कोण सोडणार? पुढच्या वेळी ते अर्धं खरं होतं. मग पुढे पुढे पेशंटनं काय केलं याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. बाहेर यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, सांगायचं, आणि नातेवाईक सावरेपर्यंत मनात पुढच्या कामांची यादी करायची. नवीन मुली आल्या की ती त्यांनाही शिकवायची, इंजेक्शन कुठे द्यायचं ते शिकवतात तसं. लोकांना बरं वाटतं. त्यात वाईट काय आहे? वाईट काही नव्हतंच. फक्त एकदा तरी तिनं पेशंटला बोलता येतं की नाही एवढं पाहायला हवं होतं. पार्वतीबाई किती दिवस वॉर्डात असतील? आठ, दहा? रोज तीन वेळा कुणीतरी त्यांना विचारलं असेल, कसं वाटतंय आजी. उत्तर आलं नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि केसपेपरवर एका ओळीत लिहिलेलंही असेल.

आधी असं नव्हतं. आधी म्हणजे साखरबाई होती तेव्हा. त्र्याऐंशी साली प्रतिभा बावीस वर्षांची पोर म्हणून त्या वॉर्डात आली, तेव्हा साखरबाई तिथली आया होती. उंच, काळीसावळी, कासोटा घट्ट, तोंडात मिश्री. डॉक्टरही तिला अहोजाहो करायचे. वॉर्डात कुणी गेलं की ज्या दोघींनी अंग पुसलं त्यांनी लगेच दुसऱ्या कामाला लागायचं नाही, असा तिचा कायदा होता. चादर काढायची, गादी पालटायची आणि उघड्या गादीवर मधोमध ती एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला पालथा घालायची. पेला पालथा असेपर्यंत त्या खाटेवर माणूस घालायचा नाही. “खाट निवू द्या,” म्हणायची. मग चादरींच्या खोलीत स्टोव्ह पेटवून कोरा चहा. तिघी जमिनीवर बसायच्या, आणि साखरबाई प्रत्येकीला एकच विचारायची, “काय पायलंस?” पहिल्यांदा प्रतिभाला कळलंच नव्हतं. तिला वाटलं, कसं वाटलं ते सांगायचं. ती रडवेली होऊन म्हणाली, फार वाईट वाटलं मावशी. साखरबाई खेकसली, “वाईट वाटल्यालं तुझ्यापाशी ठेव. तिचं काय पायलंस ते सांग.” प्रतिभानं बराच वेळ आठवून सांगितलं, डाव्या पायातलं जोडवं मासात रुतलं होतं. “हां,” साखरबाई म्हणाली आणि उठून पेला सरळ केला. वीस मिनिटं, कधी पंधरा. एकदा प्रतिभानं विचारलं होतं, याचा उपयोग काय. चहा गाळता गाळता साखरबाई म्हणाली, “न्हाई बसलो तर फुडच्याला आपन मागच्याच्या हातानं हात लावतो, पोरी. मग दोघंबी आपले ऱ्हात न्हाईत.”

त्या सगळ्यांतलं एकेक तिला आजही आठवतं. कानात अत्तराचा बोळा असलेला म्हातारा. बेंबीभोवती गोंदलेली बाई. दोन्ही कोपरांना घट्टे पडलेला विणकर. अठ्ठावीस वर्षांचे मेलेले लोक, प्रत्येकाचं एकेक. कधी कधी शिरूरच्या घरात दुपारी पडल्या पडल्या ती त्यांची उजळणी करते. कुणाला सांगण्यासारखं नाही ते. आणि मग दोन हजार अकरा. साखरबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पेला होता, प्रतिभा आता इनचार्ज होती आणि पेला तीच पालथा घालायची. त्या वर्षी दवाखान्याला दर्जाचा शिक्का मिळवायचा होता. पुण्याहून माणसं आली, हातात घड्याळं घेऊन हिंडली. एक पेशंट गेल्यापासून दुसरा येईपर्यंत खाट किती मिनिटं रिकामी राहते ते त्यांनी लिहून काढलं. त्यांच्यातल्या एकानं पेला उचलून विचारलं, हे काय आहे? प्रतिभाला लाज वाटली. आता आठवलं की त्या लाजेचीच लाज वाटते. “काही नाही सर, मावशी लोकांची सवय,” ती म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं स्वतःच्या अक्षरात सूचना लिहून भिंतीला चिकटवली: मृत्यूनंतर दहा मिनिटांत बेड तयार असावा. ती चांगली इनचार्ज होती. दहाची आठ मिनिटं करून दाखवली. त्यानंतरची आठ वर्षं तिनं पुन्हा आठवून पाहिली. बसच्या खिडकीतून दौंडचे रेल्वे क्वार्टर दिसू लागले तरी त्या आठ वर्षांतलं एकही माणूस आलं नाही. पार्वतीबाई त्यांच्यातच कुठेतरी होत्या.

दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये फलक लावला होता, “मन सांभाळा”. खुर्च्या मांडल्या होत्या, समोशांचा खोका होता. पण मुली अजून यायच्या होत्या म्हणून प्रतिभा सरळ मेडिकल वॉर्डात गेली. फिनेलचा वास तोच होता. गौतमी टेबलाशी बसून रजिस्टर भरत होती. आली तेव्हा एकवीस-बावीसची, दोन वेण्या घालणारी मुलगी होती. आता डोळ्यांखाली काळं, चष्मा. प्रतिभाला पाहून ती उठली, खुर्ची दिली आणि हसली. ते हसू प्रतिभानं ओळखलं. सकाळी बसमध्ये ती स्वतः तसंच हसली होती.

“तुम्हाला पण बोलावलं का सिस्टर, आमचा ताण घालवायला?” गौतमी म्हणाली. “मागच्या महिन्यात पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. सगळ्यांना फुगे दिले. म्हणाल्या, सगळं टेन्शन फुग्यात सोडा. सोळा जणी आम्ही फुगे फुगवत बसलो आणि इथं चाळीस पेशंटना दोघी. खाली आलो तर सलाईनी संपलेल्या. ते टेन्शन कुठल्या फुग्यात सोडायचं ते काय त्यांनी सांगितलं नाही.”

“माझ्याकडे फुगे नाहीत,” प्रतिभा म्हणाली.

“मग काय आणलंय?”

प्रतिभानं पर्समधला कागद काढून दिला. गौतमीनं वाचला. “ड्युटी संपल्यावर वॉर्ड मनातून काढून टाका,” तिनं मोठ्यानं वाचलं. “सिस्टर, माझ्या मनात वॉर्ड राहतच नाही. तेच तर झालंय.” ती खाली बसली. कागद परत दिला, रजिस्टर बंद केलं, पेनाचं टोपण लावलं. “आज सकाळी अकरा नंबर गेले. हौसराव म्हणून, राहू गावचे. मुलगा बाहेर होता. मी गेले, खांद्यावर हात ठेवला, सांगितलं, शेवटी तुमचंच नाव घेत होते. तुम्ही शिकवलंत तसं. त्यानं माझे पाय धरले, सिस्टर. आणि मी त्याच वेळी विचार करत होते की मटकी भिजत घातली का नाही. तो रडतोय आणि मी मटकी. बरं, मला वाईटपण नाही वाटलं. म्हटलं, आता वाटेल, मग वाटेल. नाही वाटलं. आणि हे आजचंच नाही. पंधरवड्यापूर्वी घरी पोरगी पडली, गुडघा फोडून आली, तर मी तिला म्हणाले, काय होतंय, सांगा. सांगा म्हणाले. पोटच्या पोरीला. मग राजीनामा लिहिला. मला पेशंटची भीती नाही वाटत, मला माझीच वाटते.”

प्रतिभाला काहीतरी म्हणायचं होतं. तू थकली आहेस, रजा घे, असं काहीतरी. ते वाक्य जिभेवर तयार होतं. त्याचा सफाईदारपणा तिला तोंडात जाणवला आणि तिनं ते गिळलं. “त्याचा बाप नाव घेत होता का?” तिनं विचारलं.

“कुणास ठाऊक. मी तिकडे सहा नंबरकडे होते.”

“आज सकाळी मला बसमध्ये एक बाई भेटली,” प्रतिभा म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. मुक्या आईचं, निरोपाचं, चार फोडींतल्या दोन रुमालात बांधल्या त्याचं. गौतमी पहिल्यांदा हसली, तोंडावर हात ठेवून, आणि मग हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. तेवढ्यात डॉक्टर विश्वजीत आत आले. “अरे वा, सिस्टर, इथंच? वर चला, सगळ्या जमतायत. गौतमी, अकरा नंबर झाला ना तयार? खाली एक ॲडमिशन थांबलंय.”

“कसला पेशंट आहे?” प्रतिभानं विचारलं.

“शुगरचा. ठीक आहे, बोलतोय. कॅज्युअल्टीत सलाईन चालू आहे.”

“मग वीस मिनिटं तिथंच राहू दे.” ती उठली. अकरा नंबर खिडकीजवळचा. गौतमीनं चादर आधीच बदलली होती, कोपरे घट्ट दुमडलेले, प्रतिभानं शिकवले तसे. तिनं ती चादर ओढून काढली. गादी पालटायला लागली तर कंबरेत कळ आली. गौतमी धावत आली आणि दुसरी बाजू उचलली. खाटेजवळच्या टेबलावर पेशंटचा स्टीलचा पेला होता. प्रतिभानं तो उघड्या गादीच्या मधोमध पालथा घातला. “सिस्टर, हे काय?” डॉक्टर म्हणाले. “वर मुली वाट बघतायत. समोसे गार होतायत.”

“समोसे इथं पाठवा. चहा कोरा पाठवा. आणि विश्वजीत सर, मी दोन हजार अकरा साली एक सूचना लिहून लावली होती. दहा मिनिटांची. ती माझ्याच अक्षरात आहे, मीच काढते.” ती सूचना आता छापील झाली होती आणि तिला प्लास्टिक लावलं होतं. खिळे निघेनात. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. ते लहानपणी टायफॉईडनं याच वॉर्डात होते आणि प्रतिभानं त्यांना मोसंबीचा रस पाजला होता, हे दोघांनाही माहीत होतं. “वीस मिनिटं,” ते म्हणाले. “रोजचं होणार असेल तर मला हिशेब बसवावा लागेल.” “बसवा,” प्रतिभा म्हणाली. “मुली सोडून जातात त्याचा पण त्यातच बसवा.”

चादरींच्या खोलीत आता स्टोव्ह नव्हता, कपाटं होती. दोघी जमिनीवर बसल्या. गौतमीबरोबर सकाळी अंग पुसणारी मुलगी सुट्टी होऊन घरी गेली होती. चहा आला. प्रतिभाला वाटत होतं की हे नाटकी दिसतंय, साखरबाईला हे कसं साधायचं कुणास ठाऊक. तरी तिनं विचारलं, “काय पाहिलंस त्यांचं?”

“काही नाही.”

“आठव.”

“अहो खरंच काही नाही. म्हातारा माणूस. छातीवर पांढरे केस. असेच असतात सगळे.” गौतमीनं चहा प्यायला. बाहेर कुणीतरी सिस्टर, सिस्टर करत होतं, तिकडे दुसरी मुलगी गेली. “नखं कापलेली होती,” गौतमी एकदम म्हणाली. “शेतकरी माणूस, बोटांना भेगा, आणि नखं अगदी नीट कापलेली. नऊ. उजव्या अंगठ्याचं राहिलं होतं. वाढलेलंच होतं.” ती थांबली. “घरी कुणीतरी कापत असणार. तेवढ्यात दम लागला असेल आणि तसंच उठवून गाडीत घातलं असेल.” तिनं चहाचा पेला खाली ठेवला. “मी त्या मुलाला हे सांगायला हवं होतं. नाव घेतलं म्हणून सांगण्यापेक्षा हे सांगितलं असतं. तोच कापत असेल.” मग ती चष्मा काढून ओढणीनं पुसत बसली. प्रतिभानं तिला हात लावला नाही. खांद्यावर हात ठेवायची तिला आज भीती वाटत होती.

वीस मिनिटांनी गौतमीनंच जाऊन पेला सरळ केला. राजीनाम्याचं प्रतिभानं विचारलं नाही. वर जाऊन मुलींनाही तिनं पेल्याचंच सांगितलं. निघताना गौतमी जिन्यापर्यंत आली. “तुम्ही त्या बाईला फोन करणार?” “करणार.” “काय सांगणार?” “बघू.” “सिस्टर, निरोपाचं तसंच राहू द्या ना. तिनंच शोधलंय ते. कुणाचं तरी नाव सांगून टाका, बाई वारली म्हणा. ती पण सुटेल.” आणि मग स्वतःचंच बोलणं कानावर पडल्यासारखी थांबून म्हणाली, “बघा, परत तेच करतेय मी.”

दुपारी साडेतीनला दौंडच्या स्टँडवर, शिरूरच्या गाडीला अवकाश होता तेव्हा, बाकावर बसून प्रतिभानं कागदाच्या पाठीवरचे मोठे मोठे आकडे एकेक करून दाबले. सुरेखानं लगेच उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता. “आठवलं का वो, सिस्टर?”

“शेजारच्या बेडवर कुणी नाव घेतलं नव्हतं,” प्रतिभा म्हणाली. एका दमात म्हणाली, नाहीतर राहिलं असतं. “मी सगळ्यांनाच तसं सांगायचे. लोकांना बरं वाटावं म्हणून. तुमच्याकडे कुणाचा निरोप नाही. तुमची आई कशी गेली ते मी पाहिलं नाही. मला त्यांचं काही आठवत नाही, सुरेखाबाई. मी दिवसभर आठवून पाहिलं.”

पलीकडे भांडी वाजायची थांबली. शिवी आली असती तर प्रतिभाला बरं वाटलं असतं. “आसं व्हय,” सुरेखा म्हणाली. मग, “काईच न्हाई? आवो, तिच्या हातात तांब्याचं कडं व्हतं. निघतच नव्हतं, तुमच्याच पोरींनी साबन लावून बघितलं. ते तरी आठवतंय का? त्या कड्यानंच तर हाक मारायची ती. आमी तिघं. रानात आसलो तरी जेवायच्या पितळीवर कडं हाणायची. थोरल्या भावाला एक, मला दोन, धाकटीला तीन. पार वड्यापल्याड आयकू याचं. मास्तर म्हणायचे, पार्वतीबाईचा टेलिफोन आला, पळा.”

स्टँडवरच्या सगळ्या आवाजांखालून तो आवाज वर आला. वॉर्डात कुणीतरी काहीतरी वाजवत होतं. खाटेच्या लोखंडी दांडीवर. टक. सलाईनचा हात होता तो, सुई निघाली असती. शेजारची बाई तक्रार करत होती, झोपू देत नाही. प्रतिभा औषधांची ट्रॉली घेऊन चालली होती, मान न वळवता तिनं सांगितलं होतं, हाताला कापूस लावून पट्टी गुंडाळा गं जरा. मुलींनी गुंडाळली. मग आवाज थांबला. थांबला म्हणूनच ते विसरलं गेलं. हे खरं आठवतंय, की आत्ता सुरेखानं सांगितलं म्हणून मनानं घडवलं? बसमध्ये कड्याचं काही माहीत नसतानाही तो आवाज आला होता, वैतागासकट. वैताग कुणी घडवत नाही. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कुणीतरी दांडीवर वाजवत होतं,” ती म्हणाली. “त्या तुमच्या आईच होत्या, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण वाजवत होतं. सुई निघेल म्हणून मी हाताला कापूस बांधायला लावला. मीच लावला.”

“किती येळा?” सुरेखाचा आवाज एकदम जवळ आला. “सिस्टर, किती येळा वाजवत व्हती? येक का दोन?”

दोन. तो शब्द प्रतिभाच्या तोंडात येऊन बसला, गुळगुळीत, वर्षानुवर्षं वापरून झिजलेल्या त्या वाक्यासारखा. दोन म्हणायला काय लागत होतं? ती बाई तिकडे पाटसला एका स्वयंपाकघरात उभी होती, नऊ वर्षं दुसऱ्याचा निरोप सांभाळून. खरं कोण मोजणार होतं? कदाचित दोनच असेल. तिनं डोळे मिटले आणि पुन्हा ट्रॉलीमागे चालत गेली, पुन्हा तो आवाज आला, पुन्हा तिनं मान वळवली नाही.

“मोजलं नाही मी,” ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी, लेक असावी, आई कोण हाय फोनवर, असं विचारत होतं. “न्हाई मोजलं,” सुरेखा म्हणाली, जणू ते नीट ठेवायला जागा शोधत होती. “बरं. मग आसं करते. थोरल्यालाबी सांगते, धाकटीलाबी सांगते. आई हाक मारत व्हती म्हणून. कुणाला ते काय मोजलं न्हाई.” आणि मग, “हात बांधायला नको व्हता, सिस्टर.”

“नको होता,” प्रतिभा म्हणाली.

गाडी लागली. कंडक्टर पाटस, चौफुला, न्हावरं, शिरूर ओरडत होता. तिला खिडकी मिळाली. कागद तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला, मुद्द्यांची बाजू आत. गाडी स्टँडबाहेर पडली तेव्हा तिनं हात खिडकीच्या लोखंडी दांडीवर ठेवला. कुरकुंभच्या वळणापुढे रस्ता खराब आहे. प्रत्येक खड्ड्याला तिच्या हातातली एकुलती बांगडी दांडीवर वाजू लागली. समोरच्या सीटवरच्या माणसानं एकदा वैतागून मागे पाहिलं. प्रतिभानं हात काढला नाही. ती मोजत होती.